सीसी आली म्हणजे नक्की काय आलं?

सदर : विचारा, सांगते

या खेपेला 'सीसी' या दोनच अक्षरांवरून इतकी पत्रं आली की बाकीच्यांना पुढच्या अंकापर्यंत थांबवलंय. पागडीच्या पावतीबद्दल विचारणाऱ्या शीवच्या आजोबांनी रागावू नये. फोर्टमधल्या एका सॉलिसिटरच्या ऑफिसात स्टेनो म्हणून सगळी नोकरी काढलेल्या बाईला सीसी म्हणजे काय विचारणं म्हणजे कोळणीला बोंबील दाखवून हा कुठला मासा म्हणण्यासारखं आहे. पण खरं सांगते, आमच्या त्या एका ऑफिसात चार टेबलांवर चार वेगळ्या सीसी नांदत होत्या. कुणी कुणाला अर्थ विचारत नसे, कारण ज्याला त्याला आपल्या टेबलावरची माहीत. भानगड व्हायची ती कागद एका टेबलावरून दुसऱ्यावर गेला की. तुमच्या पत्रांत तेच झालंय.

लालबागच्या एक वाचक लिहितात :

ताई, आमची चाळ रिडेव्हलपमेंटला गेली. पाडून बरेच महिने झाले, आम्ही सध्या डोंबिवलीला भाड्याने आहोत. परवा चाळीच्या ग्रुपवर मेसेज आला, "सीसी आली!! सर्वांचे अभिनंदन." खाली अंगठे, फुलं, पेढ्यांचे फोटो. सासरे म्हणाले, आता चावी मिळणार. मुलगा म्हणतो, अजून पाया नाही, चावी कसली? धाकटे दीर म्हणतात, आपल्या गल्लीचा रस्ता सीसी होणार होता, तेच असेल. नक्की काय आलंय? आणि आमचा अकरा महिन्यांचा भाडेकरार संपत आलाय, तो रिन्यू करू की नको?

उत्तर : आधी घराचं. करार रिन्यू करा, आणि तोही शेवटचा असेल असं धरू नका. सासऱ्यांना हे तुम्ही सांगू नका, मुलाला सांगू दे.

मुंबईत बांधकामाच्या बोलीत सीसी म्हणजे कमेन्समेंट सर्टिफिकेट, काम सुरू करायची परवानगी. ज्या कागदावर माणसं राहायला जातात ती ओसी, म्हणजे ऑक्युपेशन सर्टिफिकेट, भोगवटा प्रमाणपत्र. दोघींच्या मधे अख्खी इमारत उभी राहायची असते.

क्रम असा. पहिली येते आयओडी. तिचं पूर्ण नाव वाचलं की नवखा माणूस दचकतो : इंटिमेशन ऑफ डिसअप्रूव्हल, नापसंतीची सूचना. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्यातलं कलम ३४६. अमुक अमुक अटी पुऱ्या होईपर्यंत तुमचा नकाशा आम्हाला नामंजूर, असं तिथे म्हटलेलं असतं. अटी पुऱ्या केल्या की वाट मोकळी. म्हणून बिल्डर नापसंतीची सूचना हातात घेऊन आनंदाने येतो. तिच्या आधारावर जागा रिकाम्या होतात, पाडकाम होतं. मग १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याखाली सीसी. ती बहुतेक वेळा एकदम सगळ्या इमारतीची येत नाही. आधी जोत्यापर्यंतची येते. जोतं झालं की ते मंजूर नकाशाबरहुकूम आहे का ते तपासतात, आणि मग पुढची. पुढचीही कधी इतक्या मजल्यांपर्यंत, कधी शेवटपर्यंत. साइटवर तिला 'फर्दर सीसी' आणि 'फुल सीसी' म्हणतात. तुमच्याकडे अजून पाया नाही म्हणता, तेव्हा आलेली सीसी जोत्यापर्यंतचीच असणार. अभिनंदन खोटं नाही, लवकर आहे.

तरी अंदाजावर राहू नका. कमिटीकडे कागदाची पीडीएफ मागा, फोटो नको, पूर्ण पीडीएफ. इंग्रजीत असेल, पण वाचायला अवघड नाही. डोक्यावर 'फॉर्म ए' आणि १९६६ च्या कायद्याचं नाव. मधे जमिनीचा सी.एस. नंबर, म्हणजे भूमापन क्रमांक, डिव्हिजन, रस्त्याचं नाव. तो नंबर तुमच्या चाळीच्या जुन्या कागदावरच्या नंबराशी ताडून बघा. मग अटी. त्यातल्या सुरुवातीच्याच एका अटीत स्पष्ट लिहिलेलं असतं की भोगवट्याची परवानगी मिळेपर्यंत इमारतीत किंवा तिच्या कुठल्याही भागात कुणी राहायचं नाही. हे सासऱ्यांना वाचून दाखवा. पुढे मुदत : परवानगी एक वर्षाची, दर वर्षी वाढवून घेता येते, पण सगळी मिळून वाढ तीन वर्षांपलीकडे नाही. आणि सगळ्यात कामाची ओळ शेवटाकडे असते : ही सीसी कुठल्या तारखेच्या नकाशाप्रमाणे, कुठपर्यंत, आणि कधीपर्यंत. ग्रुपवरचा पेढा या ओळीचा आहे. ती न वाचता खाऊ नका.

तुम्ही डोंबिवलीत आहात म्हणून एक आठवलं. कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींनी बनावट परवानग्या दाखवून महारेराची, म्हणजे घरबांधणीवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची, नोंदणी मिळवल्याचं प्रकरण तुम्ही पेपरात वाचलं असेल. तिथेही कागद होता, शिक्का होता, नंबर होता. तेव्हा पीडीएफवर समाधान न मानता तो नंबर पालिकेच्या नोंदीत आहे का हे कमिटीने आपल्या आर्किटेक्टकडून तपासून घ्यावं. बिल्डरच्या आर्किटेक्टकडून नव्हे.

आता दुसरी सीसी, जी जास्त महाग पडते. कम्प्लिशन सर्टिफिकेट, काम पूर्ण झाल्याचा दाखला, हीसुद्धा सीसीच. २०१६ च्या रेरा कायद्याचं कलम २ उघडा : एकाच कलमात कमेन्समेंटचीही व्याख्या आहे आणि कम्प्लिशनचीही. कायदा लिहिणाऱ्यांनी नावं पुरती लिहिली म्हणून त्यांचं निभावलं. फ्लॅट दाखवणारा एजंट पुरतं लिहीत नाही. तो म्हणतो, "सीसी आहे, निर्धास्त बुकिंग करा." पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर पहिल्यांदा विकलेल्या फ्लॅटवर जीएसटी नाही. त्याआधी बुकिंग केलंत तर ५ टक्के, परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसत असेल तर १ टक्का. म्हणजे एक कोटीच्या फ्लॅटवर सीसीतला दुसरा 'सी' कशाचा, हा प्रश्न पाच लाखांचा आहे. एजंटला "कुठली सीसी?" विचारायला लाजू नका. तो लाजत नाही.

पालिकेत या कम्प्लिशनला 'बीसीसी' म्हणायची पद्धत आहे, बिल्डिंग कम्प्लिशन सर्टिफिकेट. ते ऐकून आमच्या ऑफिसातला नवा पोरगा ईमेलमध्ये बीसीसी शोधत बसला होता. त्या ईमेलमधल्या बीसीसीबद्दल पुढे येईलच.

तुमच्या दिरांचाही तर्क अगदी हवेतला नाही. महापालिकेने शहरातले रस्ते सिमेंट काँक्रीटचे करायला घेतलेत, एकंदर २,००० किलोमीटरच्या आसपासचं जाळं आहे, आणि त्या खात्याच्या बोलीत सीसी म्हणजे सिमेंट काँक्रीट. गल्लीच्या तोंडावर "सीसी रोडचे काम चालू" असा पत्रा लागला असेल तर ती ही सीसी. काँक्रीटची ताकद २८ दिवसांनी मोजतात, तोवर गोणपाटं भिजत ठेवतात. त्यावरून स्कूटर नेऊ नये. तुमच्या चावीशी या सीसीचा काही संबंध नाही. पण नव्या इमारतीची पाण्याची नि ड्रेनेजची जोडणी त्या रस्त्याखालून जायची असेल तर कमिटीने आत्ताच वॉर्ड ऑफिसात जाऊन विचारावं. नवा कोरा रस्ता परत फोडायला परवानगी मागण्याइतकं कटकटीचं काम नाही.

साकीनाक्याचे एक वाचक, फॅब्रिकेशनचा गाळा :

बँकेतून फोन आला, "तुमची सीसी ओव्हर आहे, लगेच भरा." मी घाबरून क्रेडिट कार्डाचं बिल भरून टाकलं. चार दिवसांनी परत फोन, आता जरा चढ्या आवाजात. क्रेडिट कार्ड तर चुकतं झालंय. मग हे काय मागतायत?

उत्तर : भाऊ, कर्जखात्याच्या टेबलावर सीसी म्हणजे कॅश क्रेडिट, तुमच्या धंद्याला खेळतं भांडवल म्हणून दिलेलं खातं. ज्या मुलीने फोन केला तिच्या दृष्टीने दुसरी सीसी जगात नाही.

पण नुसतं नाव कळून भागणार नाही, 'ओव्हर' कशी झाली ते समजून घ्या, कारण बहुतेक गाळेवाले इथेच फसतात. मंजुरीपत्रावर लिमिट दहा लाख लिहिलंय म्हणून दहा लाख उचलता येतात असं नाही. उचलता येते ती ड्रॉइंग पॉवर, डीपी. ती महिन्याच्या स्टॉक स्टेटमेंटवरून निघते. समजा गाळ्यात आठ लाखांचा माल आहे, त्यातला दोन लाखांचा उधारीवर आणलेला, पैसे द्यायचेत. राहिले सहा. त्यावर बँकेचं मार्जिन २५ टक्के असेल तर डीपी साडेचार लाख. तुमची येणी असतील तर त्यांचाही हिशेब त्यात धरतात, पण जुनी थकलेली येणी बँक धरत नाही. खात्यात पावणेसहा उचललेले असतील तर लिमिट दहा लाख असूनही खातं सव्वा लाखाने वर.

यात माल विकून पैसे खात्यात आले की बाकी खाली येते, म्हणून लोक हयगय करतात. करू नका. बाकी सलग ९० दिवस लिमिटच्या किंवा डीपीच्या वर राहिली, किंवा ९० दिवसांत खात्यात काही जमाच झालं नाही, किंवा जमा व्याजालाही पुरली नाही, तर खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत कर्ज. आणि तीन महिन्यांपेक्षा जुन्या स्टॉक स्टेटमेंटवर काढलेली डीपी धरून चालत नाही, तेव्हा स्टेटमेंट द्यायचा कंटाळा हाच पुष्कळांचा घात करतो. लिमिटचं वार्षिक नूतनीकरणही तारखेपासून १८० दिवस रखडलं तर तोच निकाल. उद्या बँकेत जाताना मागच्या तीन महिन्यांची स्टेटमेंटं, खरेदीची बिलं आणि येण्याची यादी बरोबर न्या. "माझी डीपी किती, आणि ती कुठल्या महिन्याच्या स्टॉकवर काढली?" एवढंच विचारा. चढा आवाज आपोआप उतरतो.

क्रेडिट कार्डाचं भरलेलं वाया गेलं नाही. ते कधीतरी भरायचंच होतं.

मुलुंडच्या एक वाचक :

आईला मधुमेह आहे. इन्सुलिन मीच देते. गावाहून आलेली मावशी म्हणाली, "आमच्याकडे डॉक्टर अर्धा सीसी देतात, हिलाही तेवढंच दे." आईच्या कागदावर युनिट लिहिलेत. अर्धा सीसी म्हणजे किती युनिट? गूगलवर दोन उत्तरं आली.

उत्तर : दोन्ही बरोबर आहेत, आणि म्हणूनच मावशीचं ऐकायचं नाही.

सीसी म्हणजे घन सेंटिमीटर, म्हणजेच एक मिलिलिटर. ते झालं माप पाण्याचं. इन्सुलिनचा डोस पाण्यावर नसतो, त्यात किती औषध आहे त्यावर असतो, आणि ते बाटलीगणिक बदलतं. आपल्याकडच्या पुष्कळ बाटल्यांवर ४० आययू, म्हणजेच ४० युनिट, प्रति मिली असतं. त्यातलं अर्धा सीसी म्हणजे २० युनिट. पेनमधलं इन्सुलिन बहुधा १०० आययू प्रति मिली. त्यातलं अर्धा सीसी म्हणजे ५०. वीस आणि पन्नासमधला फरक आईच्या अंगावर काढायचा नाही.

सिरिंजही दोन तऱ्हेच्या. लाल टोपीची ४० च्या बाटलीसाठी, नारिंगी टोपीची १०० साठी. केमिस्टने घाईत दुसरी दिली आणि तुम्ही नेहमीच्या २० च्या रेघेपर्यंत भरलं तर काय होईल ते बघा : ४० ची बाटली नि नारिंगी सिरिंज, तर आईला जातील ८ युनिट, साखर चढेल. १०० चं इन्सुलिन नि लाल सिरिंज, तर जातील ५०. साखर इतकी खाली येईल की हॉस्पिटल गाठावं लागेल. पेनच्या कार्ट्रिजमधून सिरिंजने ओढून द्यायचा उद्योग तर कधीच करू नका.

मी डॉक्टर नाही. डोस तुमच्या डॉक्टरांचाच. त्यांना एवढंच सांगा की कागदावर 'युनिट' पुरतं लिहा. नुसता इंग्रजी 'यू' घाईच्या अक्षरात शून्यासारखा दिसतो, ४ चे ४० होतात. आणि हाताने लिहिलेला 'सीसी' त्याच 'यू'सारखा वाचला जातो. औषधांच्या चुका टाळण्यासाठी ज्या याद्या काढतात त्यांत या दोन्ही खुणा वापरू नका म्हणून दिलेल्या आहेत. बाटलीचा नि सिरिंजच्या टोपीचा फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवा, केमिस्टकडे गेलात की तोच दाखवा.

बीकेसीतल्या पहिल्याच नोकरीतली एक वाचक :

आजी, आमचे सर म्हणतात, "मला सीसीत ठेव." मॅडम म्हणतात, "प्रत्येक गोष्टीत सीसी कशाला?" आणि टीममधली एक ताई म्हणाली, "त्यांना बीसीसी कर, कळणार नाही." मला तिघांची भीती वाटते. तुमच्या काळात हे कसं होतं?

उत्तर : आमच्या काळात दर सीसीला बोटं दुखायची, म्हणून माणसं जपून करायची. बाळ, सीसी म्हणजे कार्बन कॉपी. कागद, मग काळा किंवा निळा कार्बन, मग पातळ कागद, परत कार्बन, परत पातळ कागद, अशी चळत गोदरेजच्या मशीनमध्ये रोलरवर चढवायची. पाचवी प्रत निघेपर्यंत अक्षर धूसर व्हायचं, म्हणून की जोरात मारायची. एक अक्षर चुकलं तर प्रत्येक प्रतीवर वेगळं खोडायचं, खोडताना खालच्या कागदावर डाग पडू नये म्हणून मधे चिठ्ठी सरकवायची. कार्बन उलटा लागला तर मजकूर मूळ पत्राच्याच पाठीवर आरशातल्यासारखा उमटायचा. अशी सहा माणसांना प्रत पाठवायची तर साहेब आधी विचार करायचे, खरंच सहा लागतात का? तुझ्याकडे तो विचार करायला बोट दुखत नाही, इतकाच फरक.

पत्राखाली नावं यायची ती मोठ्या हुद्द्यापासून. सरकारी मराठीत तर दोन वेगळ्या ओळी : वरिष्ठांना 'प्रत माहितीसाठी सविनय सादर', हाताखालच्यांना 'प्रत माहिती व आवश्यक त्या कार्यवाहीसाठी'. ही पद्धत मला अजून आवडते. कुणाला नुसतं कळवायचंय आणि कुणी काम करायचंय हे एका नजरेत दिसायचं. तुझ्या ईमेलमध्ये तेच कर : ज्याने काम करायचं तो 'टू'मध्ये, ज्याला नुसतं कळायचं तो सीसीत. सर सीसीत ठेव म्हणतात म्हणजे त्यांना उत्तर द्यायचं नाहीये, पण उद्या कुणी विचारलं तर माहीत असायला हवंय. मॅडम म्हणतात तेही बरोबर : जेवणाच्या ऑर्डरच्या मेलवर सर नकोत. काय पाठवायचं नि काय नाही ते एकदा सरांना समोर विचार. दोन मिनिटांचं काम आहे.

बीसीसी म्हणजे ब्लाइंड कार्बन कॉपी. तीही मशीनवरचीच. पत्र टाइप झालं की मूळ प्रत नि ज्यांना उघड द्यायच्या त्या प्रती काढून घ्यायच्या, आणि उरलेल्या प्रती परत चढवून त्यांच्यावरच बीसीसीची ओळ मारायची. मूळ पत्र ज्याला जातं त्याच्या कागदावर ती ओळ उमटतच नाही. आमच्या ऑफिसात तिचा उपयोग बहुधा अशिलाच्या भावाला पत्र दाखवायला व्हायचा, म्हणजे भांडण वाढवायलाच. १९८२ मध्ये ईमेलच्या मजकुराचे नियम लिहिले गेले त्यांत सीसी आणि बीसीसी दोन्ही तशाच उचलून ठेवल्या. कार्बन गेला, नाव राहिलं.

त्या ताईचा सल्ला मानू नकोस. बीसीसीतल्या माणसाने 'रिप्लाय ऑल' दाबलं की सगळ्यांना कळतं की तो तिथे बसून वाचत होता, आणि त्याला बसवणारी तू होतीस. बीसीसी ठेवायची ती एकाच कामाला : एकमेकांशी ओळख नसलेल्या पन्नास जणांना एकच सूचना पाठवताना, त्यांचे पत्ते एकमेकांना दिसू नयेत म्हणून. आणि हो, ऑफिसात कुणी 'ओसी' मागितली तर भोगवटा प्रमाणपत्र शोधू नकोस. ती ऑफिस कॉपी, आपल्या फाइलला राहणारी प्रत. पत्र हातोहात द्यायला गेलीस तर तिच्यावर पोच म्हणून शिक्का, तारीख नि सही घेतल्याशिवाय परत यायचं नाही.

गिरगावचे एक वाचक :

चेक बाउन्सच्या केसमध्ये समन्स आलं, त्यावर 'सी.सी. नं.' आणि पुढे 'एसएस' नि वर्ष. आणि दुसऱ्या एका केसचा निकाल विरुद्ध गेला, त्यात वकील म्हणाले, "सीसी हातात आली की अपील टाकू." नंबर तर आधीच आलाय, मग अजून कुठली सीसी यायचीय?

उत्तर : समन्सवरची सीसी म्हणजे क्रिमिनल केस, मॅजिस्ट्रेट कोर्टातला केसचा नंबर. तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, कोर्टाच्या शिपायापासून वेबसाइटपर्यंत सगळे तोच मागतात. वकिलांची सीसी म्हणजे सर्टिफाइड कॉपी, निकालाची कोर्टाच्या शिक्क्याची प्रत. ती काढायला अर्ज लागतो, आणि वेळ लागतो. १९६३ च्या मुदत कायद्याच्या कलम १२ प्रमाणे प्रत मिळवायला लागणारा वेळ अपिलाच्या मुदतीतून वगळतात, पण अर्ज वेळेत केलेला असेल तरच त्याचा फायदा. वकिलांना विचारा, अर्ज कुठल्या तारखेला टाकला? त्याच्या पावतीचा फोटो मागा. चिडले तर चिडू दे.

चेकच्या केसमध्ये तुमची बाजू काय ते तुम्ही लिहिलं नाहीत, म्हणून तिथे थांबते. समन्सच्या तारखेला हजर राहा, एवढं मात्र चुकवू नका.

भांडुपचे एक वडील :

मुलाला सोळा पूर्ण झाली. म्हणतो, सोळाव्या वर्षी गाडी चालवता येते, १०० सीसीची स्कूटर घ्या.

उत्तर : त्याने अर्धंच वाचलंय. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४ मध्ये सोळा वर्षांवरच्या मुलाला सवलत आहे ती ५० सीसीपर्यंतच्या इंजिनाची. ही सीसी म्हणजे इंजिनच्या सिलिंडरचं घन सेंटिमीटरमधलं आकारमान. १०० ची हवी तर अठरा. आणि त्याआधी पकडला गेला तर २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे शिक्षा नुसती त्याला नाही, तुम्हालाही : २५,००० रुपये, तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्याला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन नाही. हा शेवटचा भाग वाचून दाखवा, बाकीचा त्याला काही वाटणार नाही. विजेच्या गाडीला सीसी नसते म्हणून तीही पळवाट काढेल. २५० वॅट नि ताशी २५ किलोमीटरच्या आतली असेल तरच ती मोटार वाहनात धरत नाहीत.

दादरचा सहावीतला एक वाचक :

आझाद मैदानावर तंबूंवरच्या बोर्डांवर नावांपुढे सीसी का लिहितात?

उत्तर : क्रिकेट क्लब. तुझ्या आजोबांना कांगा लीग विचार, डॉ. होरमसजी कांगांच्या नावाने १९४८ पासून पावसाळ्यात खेळतात. पाऊस पडून गेलेला, गवत वाढलेलं, चेंडू कुठे उडेल नि कुठे खाली राहील याचा नेम नाही. मुंबईचे बॅट्समन त्यावरच घडले असं आजोबा सांगतील, ऐकून घे. रोमन आकड्यांत सीसी म्हणजे दोनशे. कांगाच्या ओल्या विकेटवर कुठल्या सीसीच्या सीसी धावा झालेल्या दिसल्या तर स्कोअरबोर्डचा फोटो मला पाठव.